इक्लेक्टस पोपट पाळताय? मग शेंगदाण्याची वाटी आधी बाजूला ठेवा

पिंजरे आणि पक्ष्यांचं खाद्य आमच्याकडं मिळतं हे तुम्हाला माहितीच आहे. पण दर आठवड्याला कुणीतरी येतं, "दादा, पोपट पायाची बोटं सारखी आवळतोय, पिसं उपटतोय, एखादा टॉनिकचा ड्रॉप द्या", आणि खायला काय देता विचारलं की एकच उत्तर, वाटीभर शेंगदाणे आणि सूर्यफूल. प्रत्येकाला अर्धा तास समजावण्यापेक्षा हे लिहूनच ठेवलं.

हा पक्षी न्यू गिनी, सोलोमन बेटं आणि ऑस्ट्रेलियातल्या केप यॉर्कच्या पावसाळी जंगलातला. चांगली ढोली मिळणं तिथं फार अवघड, म्हणून एकदा मिळाली की मादी वर्षातले कित्येक महिने ती सोडत नाही, आणि एकाच मादीला दोन-तीन नर सुद्धा आळीपाळीनं भरवतात. नर हिरवा, पानात लपून जातो. मादी लाल-निळी, ढोलीच्या तोंडाशी बसली की बाकीच्या माद्यांना लांबूनच कळतं जागा भरलीय, आणि ससाणा आला तर आत शिरायला ढोली आहेच. (हिरवा आणि लाल वेगळ्या जातीचे का, हे सगळेच विचारतात. १९व्या शतकात शास्त्रज्ञ पण बराच काळ तसंच धरून चालले होते. जात एकच आहे.)

आता हा नर दिवसभर हिंडून आणतो काय, तर उंबराच्या जातीची फळं, कळ्या, मकरंद, थोड्या बिया, म्हणजे बहुतेक ओलं आणि ताजं. नुसत्या शेंगदाणा-सूर्यफुलात तेलच जास्त, अ जीवनसत्त्व जवळपास नाहीच, आणि ते भरून काढायला वरून ड्रॉप ओतले तर बोटं आवळणं वाढू शकतं. म्हणून खायला काय देता ते विचारल्याशिवाय आम्ही ड्रॉप देत नाही, काहीजण रागावून जातात, जाऊ देत. तसं लक्षण दिसलं तर आधी पक्षी बघणाऱ्या डॉक्टरांकडं न्या.

डाळिंबाला तर सोलापूरात तोटा नाही, दाणे सोलून द्या, जीव टाकतात त्याच्यावर. पपई, गाजर, लाल मिरची, शेवग्याचा पाला चालतो. अॅव्होकॅडो, चॉकलेट, कांदा अजिबात नाही. एप्रिल-मे मध्ये कापलेलं फळ दोन तासात काढून टाका, आणि रोज पाण्याचा फवारा मारा, आपली कोरडी हवा त्याला सोसत नाही. बदल मात्र हळूहळू, पंधरा-वीस दिवसात, एकदम वाटी काढली तर उपाशी बसतो.

मूग, मटकी आणि ज्वारीचं मोड आणायचं पाकीट आम्ही स्वतः निवडून भरतो, बाजारापेक्षा थोडं महाग पडतं कारण खडा-किडका दाणा हातानं काढतो. पहिल्यांदा नेताना पक्ष्याचं वजन करून आणा, किती द्यायचं ते पाकिटावर लिहून देतो.