साठीनंतरचा सराव आणि मनाचा कस

साठी ओलांडलेल्या स्पर्धक धावपटूने कितीही घाम गाळला तरी घड्याळ त्याच्या विरोधातच जाणार. हृदयाचे कमाल ठोके दरवर्षी साधारण एकाने घटतात. ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता बैठी कामं करणाऱ्यांत दर दशकात सुमारे १० टक्क्यांनी उतरते. जोमाने सराव करणाऱ्यांत हा उतार सौम्य असतो, पण असतोच. तरुण खेळाडूला मेहनतीचं फळ सुधारलेल्या वेळेत दिसतं. इथे वर्षभर राबून गेल्या वर्षीचीच वेळ आली तरी ती कमाई. मग रोज बूट चढवायचे ते कशाच्या जोरावर?

कॅनडाचे एड व्हिटलॉक यांनी २००४ मध्ये, वयाच्या ७३व्या वर्षी, मॅरेथॉन २ तास ५४ मिनिटं ४८ सेकंदांत संपवली. त्यांचा सराव मात्र भलताच नीरस होता. घराजवळच्या दफनभूमीत त्याच त्या फेऱ्या, संथ गतीने, कधी सलग तीन तास. यात मजा येत नाही, हे ते उघडपणे सांगत. मला हा प्रामाणिकपणा भारी वाटतो. आपण मनाची ताकद शर्यतीच्या शेवटच्या किलोमीटरमध्ये शोधतो. खरी लागते ती अशा कंटाळ्यात.

थकवा फक्त पायांत नसतो. व्यायामाचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ सॅम्युएले मार्कोरा आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये काही जणांना दीड तास डोकं शिणवणारं काम दिलं आणि मग सायकल चालवायला लावली. एरवीपेक्षा ते सुमारे १५ टक्के लवकर थांबले. हृदय आणि फुफ्फुसं नेहमीसारखीच चालत होती. श्रम तेवढे जास्त वाटत होते. ही माणसं काही वयस्कर नव्हती, पण आदल्या रात्रीची झोप बिघडलेल्या किंवा घरच्या काळजीने शिणलेल्या ज्येष्ठ धावपटूला हा अनुभव अनोळखी वाटणार नाही. अशा दिवशी घड्याळापेक्षा ‘आज किती जड जातंय’ हे पाहून वेग ठरवलेला बरा.

आणि दुखणं? वयानुसार स्नायूबंध, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारे दोर, सावरायला वेळ घेतात, त्यामुळे ‘दात-ओठ खाऊन पळ’ हा तरुणपणीचा मंत्र अंगाशी येतो. दोन्ही मांड्या सारख्या भरून आल्या तर ती बहुधा मेहनत. पण एकाच टाचेमागे, बोट ठेवून दाखवता येईल अशा जागी कळ येत असेल आणि पाऊल वाकडं पडू लागलं असेल, तर उरलेल्या फेऱ्या सोडून चालत घरी जायचं. हट्टी माणसाला पळण्यापेक्षा हेच जास्त जड जातं.