झीरो डेप आणि एनसीबी प्रोटेक्ट: बंपर फुटल्यावर कोण कामाला येतं?

मागच्या महिन्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी मागे घेताना वहिनीचा अंदाज चुकला आणि मागचा बंपर खांबाला लागून कोपऱ्यात तडकला. वर्कशॉपमधल्या सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरने पॉलिसी चाळली आणि म्हणाला, "मॅडम, झीरो डेप आहे तुमचं. क्लेम टाका, खिशातून हजार-तेराशेच जातील." वहिनीने तिथूनच मला फोन लावला. "भाऊजी, टाकू ना क्लेम? झीरो डेप आहे म्हणजे बोनस पण जात नाही ना?"

जातो. झीरो डेप असलं तरी बोनस (नो क्लेम बोनस, म्हणजे एनसीबी: वर्षभर क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट) जातो. ही गल्लत मी इतक्या लोकांची पाहिली आहे की एकदा नीट लिहूनच काढायचं ठरवलं. झीरो डेप आणि एनसीबी प्रोटेक्ट ही दोन्ही अ‍ॅड-ऑन, म्हणजे मूळ पॉलिसीला जोडून घ्यायची कव्हर्स. दोन्हींसाठी जादा पैसे भरावे लागतात आणि पॉलिसीच्या कागदावर ती एकाखाली एक छापलेली असतात. पण झीरो डेपचा संबंध आज हातात पडणाऱ्या दुरुस्तीच्या बिलाशी असतो, तर एनसीबी प्रोटेक्टचा पुढच्या वर्षी भरायच्या प्रीमियमशी.

आधी बिल बघू. साध्या कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत कंपनी नव्या पार्टची पूर्ण किंमत देत नाही, घसारा (डेप्रिसिएशन, म्हणजे वापराने कमी झालेली किंमत) कापते; झीरो डेप असेल तर तो कापत नाही. प्लास्टिक, रबर, टायर-ट्यूब आणि बॅटरीवर सरसकट ५० टक्के, फायबरवर ३० टक्के, काचेवर काहीच नाही. पत्र्याची कपात गाडीच्या वयाप्रमाणे वाढते: पहिले सहा महिने शून्य, दुसऱ्या वर्षात १० टक्के, चौथ्या वर्षात २५, पाच ते दहा वर्षांच्या गाडीला ४०. यातली प्लास्टिकची कपात लक्षात ठेवा, कारण ती गाडी शोरूममधून बाहेर पडल्या दिवसापासून लागू असते, आणि शहरात ठोकरतात ते बंपर, आरसे, दिवे हे बहुतेक प्लास्टिकचेच.

वहिनीच्या गाडीचं एस्टिमेट असं होतं: बंपर ६,०००, पेंटिंग ४,०००, मजुरी १,५००, क्लिपा वगैरे ३००. एकूण ११,८०० रुपये. (हिशेब सोपा राहावा म्हणून बिलावरचा जीएसटी सोडून देतो.) झीरो डेप नसतं तर बंपरचे ३,००० कापले गेले असते. पेंटिंगच्या बिलातला चौथा हिस्सा रंगाच्या मालाचा धरतात आणि त्यावर निम्मा घसारा लावतात, म्हणजे आणखी ५०० गेले असते. १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक क्लेममागे १,००० रुपये कंपल्सरी डिडक्टिबल (मालकाने स्वतः भरायची सक्तीची रक्कम), आणि क्लिपा कन्झ्युमेबल्समध्ये (एकदा वापरून संपणाऱ्या वस्तूंत) मोडतात म्हणून तेही तिच्याच माथी. हातात ७,००० आले असते. झीरो डेपमुळे घसाऱ्याचे साडेतीन हजार वाचतात आणि १०,५०० मिळतात. अ‍ॅडव्हायझर खोटं बोलत नव्हता. तो फक्त त्या दिवसाच्या बिलाबद्दल बोलत होता.

आता बोनस. नो क्लेम बोनस फक्त ओन डॅमेज, म्हणजे ओडी प्रीमियमवर (आपल्या गाडीच्या नुकसानीसाठीच्या भागावर) मिळतो. थर्ड पार्टीच्या, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीसाठी भरायच्या रकमेशी त्याचा संबंध नाही. एक वर्ष क्लेम नसेल तर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५०. वर्षात एक क्लेम झाला, मग तो दोन हजारांचा असो की दोन लाखांचा, पुढच्या नूतनीकरणाला थेट शून्य. एक पायरी खाली नाही, अगदी जमिनीवर.

बहुतेक लोक नुकसान मोजताना फक्त पुढचं एक वर्ष धरतात. पण पुन्हा पन्नासवर चढेपर्यंत पाच वर्षं जातात आणि तोवर दरवर्षी थोडं थोडं जास्त भरावं लागतं. वहिनी ३५ टक्क्यांवर आहे. क्लेम नाही केला तर तिची वाट ४५, ५०, ५०, ५०, ५०. केला तर ०, २०, २५, ३५, ४५. दोन्हींतला फरक ४५, ३०, २५, १५ आणि ५ टक्के, बेरीज १२० टक्के. म्हणजे एका वर्षाच्या पूर्ण ओडी प्रीमियमपेक्षाही जास्त. तिचा बोनस वजा करण्याआधीचा ओडी ८,००० आहे. आयडीव्ही (विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत) दरवर्षी उतरते हे धरून आणि १८ टक्के जीएसटी मिळवून हे नुकसान दहा हजारांच्या आसपास जातं.

मिळणार साडेदहा, जाणार दहा. वर झीरो डेपचे क्लेमही मोजकेच असतात, बऱ्याच पॉलिसींत वर्षाला दोन. त्यातला एक या तडकलेल्या कोपऱ्यावर खर्च झाला असता.

एनसीबी प्रोटेक्ट असतं तर हे दहा हजार वाचले असते. ते कव्हर असेल तर ठरलेल्या संख्येपर्यंत क्लेम करूनही बोनसची पायरी साधारणपणे टिकते. पण ते बिलाला हात लावत नाही. समजा, वहिनीकडे फक्त तेच असतं आणि झीरो डेप नसतं, तर बोनस शाबूत राहिला असता आणि मिळाले मात्र ७,०००च असते. आणखी एक गोष्ट नीट विचारून घ्या: पुढच्या वर्षी कंपनी बदलली तर नवी कंपनी ही टिकवलेली पायरी मानेल का? अनेकदा मानत नाही.

माझं मत असं की नव्या गाडीला आधी झीरो डेप घ्यावं. पहिल्या वर्षी गमवायला बोनस फारसा नसतो. वरच्याच पद्धतीने मोजलं तर पाच वर्षांचं नुकसान ओडीच्या ५० टक्केच भरतं, आणि प्लास्टिकची कपात मात्र पहिल्या दिवसापासून निम्मी. ३५ टक्क्यांच्या पुढे गेलात की एनसीबी प्रोटेक्टचे पैसे वसूल होण्याची शक्यता वाढते. आणि त्या वर्षात आधीच एक क्लेम झाला असेल, तर बोनस गेलेलाच आहे. मग दुसऱ्या क्लेमला तेवढ्यासाठी कचरू नका.

इथे एक वेगळं सांगतो, कारण पावसाळ्यात यावरून माणसं फार दुखावली जातात. ऑगस्ट २०१९ च्या पुरात सांगली-कोल्हापुरात गाड्या पाण्याखाली होत्या. अशा गाडीत स्टार्टर मारला आणि इंजिनात पाणी शिरून ते बसलं, तर त्या खर्चाला झीरो डेप आणि एनसीबी प्रोटेक्ट दोन्ही उपयोगाचे नाहीत. त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट हे तिसरंच कव्हर लागतं. पाण्यातली गाडी सुरू करू नका, टो करूनच न्या.

वहिनीच्या बाबतीत पारडं झुकलं ते निराळ्याच कारणाने. दोन वर्षांनी त्यांना मोठी गाडी घ्यायची आहे. बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. जुनी गाडी विकली की कंपनीकडून एनसीबीचं पत्र मिळतं, ते तीन वर्षं चालतं आणि नव्या गाडीच्या ओडीवर तीच टक्केवारी लागते. नव्या गाडीचा ओडी २०,००० धरला तर ५० टक्के आणि २० टक्के यांत एकाच वर्षात ६,००० चा फरक.

तिने क्लेम केला नाही. बंपर नवा न घालता घराजवळच्या डेंटर-पेंटरकडून प्लास्टिक वेल्डिंग करून रंगवून घेतला, ३,५०० रुपयांत. जवळ गेल्यावर रंगात किंचित फरक दिसतो. डिसेंबरात नूतनीकरण आहे, तेव्हा बोनस ४५ टक्के होईल. झीरो डेप तसंच ठेवून एनसीबी प्रोटेक्टचा दर तिने आतापासूनच विचारून ठेवला आहे.