किती टाकू?

पेट्रोलपंपावर हवा भरणारा मुलगा नोझल लावता लावता विचारतो, ‘किती टाकू?’ ‘टाक बत्तीस-पस्तीस’ म्हणून आपण मोकळे होतो. खरं तर हा आकडा गाडीच्या कंपनीने ठरवून दिलेला असतो. ड्रायव्हरचं दार उघडलं की तिथल्या खांबावर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला स्टिकर सापडेल. पुढच्या आणि मागच्या चाकांचे आकडे वेगळे असू शकतात. दोघंतिघं असताना आणि पाच जण सामानासह असताना, असे दोन संचही बऱ्याच गाड्यांना दिलेले असतात. गणपतीला ताम्हिणीमार्गे कोकणात डिकी भरून निघायचं, तर दुसरा संच पाहायचा. स्टिकरवर दाब किलोपास्कलमध्ये असेल तर २३० म्हणजे ३३ पीएसआय (पंपावर सांगतो ते दाबाचं माप). टायरच्या बाजूवर कोरलेला ४४ किंवा ५१ हा त्या टायरचा कमाल दाब. तो भरायचा आकडा नव्हे.

खरा घोळ पुढे आहे. स्टिकरवरचा आकडा थंड टायरचा असतो. थंड म्हणजे गाडी किमान तीन तास उभी आणि उन्हात नाही. बंदिस्त हवेचा दाब तापमानाबरोबर वाढतो: कारच्या टायरमध्ये दर सहा अंशांमागे साधारण १ पीएसआय. एप्रिलच्या दुपारी ३८ अंशांना ३३ भरलेला टायर डिसेंबरच्या पहाटे १२ अंशांना, कुठेही गळती नसताना, २९च्या आसपास दिसेल. त्यात टायरमधून महिन्याला एक-दोन पीएसआय हवा तशीही झिरपते.

म्हणून शे-दोनशे रुपयांच्या आसपास मिळणारा, टायरमधला दाब मोजणारा साधा गेज घ्यावा. सकाळी घरीच मोजायचं. समजा हवे ३३ आणि निघाले २९, तर कमी आहेत ४. पंपावर पोचेपर्यंत टायर तापून ३१ दाखवेल. तिथे ३३ नाही, ३५ करायचे. म्हणजे पंपावरचा आकडा काहीही असो, घरी जेवढी तूट निघाली तेवढी भर घालायची. मशीन थोडं चुकीचं असलं तरी या हिशेबात फारसं बिघडत नाही.

आता एक धोकादायक समज. उन्हाळ्यात एक्स्प्रेसवेला टायर फुटतो, म्हणून चार पीएसआय कमी ठेवा, असा सल्ला सर्रास मिळतो. तो उलटा आहे. हवा कमी असली की टायरच्या बाजू प्रत्येक फेऱ्यात जास्त दबतात आणि पुन्हा सरळ होतात. या सततच्या वाकण्यातून रबरात उष्णता साठते, आतले धागे सैल होतात आणि वेगात टायर फाटतो. तापल्यावर दाब चार-पाच पीएसआय वाढणं कंपनीने गृहीत धरलेलंच असतं. फूड मॉलवर थांबून गरम टायरमधली हवा सोडणं तर अजिबात नको. तो थंड झाला की नको तितका खाली येतो. कमी हवेचा टायर खड्ड्यात रिमवर चेपतो, धागे तुटतात आणि बाजूला फुगा येतो. असा टायर दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो. हवा जास्त झाली तर टायर मधोमध झिजतो, ब्रेकची पकड कमी होते आणि प्रत्येक स्पीडब्रेकर कमरेला कळतो.

गंमत म्हणजे उंचीचाही हिशेब असतो. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच. गेज बाहेरच्या हवेच्या तुलनेत मोजतो, त्यामुळे इथला ३३चा टायर अलिबागला, तापमान तेच असेल तर, ३२ दाखवेल. त्यासाठी काही करायची गरज नाही.

हवेऐवजी टायरमध्ये भरतात त्या नायट्रोजनचंही तसंच. साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच. शुद्ध नायट्रोजन थोडा हळू झिरपतो, पण तापल्यावर जवळजवळ तेवढाच फुगतो. भरलेला असला तरी वेळेला साधी हवा टाकायला हरकत नाही.

हवा कमी झाल्याचं सांगणाऱ्या डॅशबोर्डवरच्या दिव्यावरही विसंबू नये. बऱ्याच गाड्यांत तो दाब वीस-पंचवीस टक्के घटल्यावर लागतो, म्हणजे ३३चे जवळपास २६ होईपर्यंत गप्प. चारपैकी एकच चाक दर आठवड्याला मागे पडत असेल, तर हवा भरत राहण्याऐवजी व्हॉल्व्हवर साबणाचं पाणी टाकून पाहा. बुडबुडे आले तर आतली पिन गळतेय. ती स्वस्तात बदलून मिळते. नाही आले, तर टायरमध्ये खिळा शोधायचा.