दोन गुंठे, आठ गुंठे आणि करणीची बेरीज

बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या शिवारात कुणालाही विचारा, गुंठा केवढा? उत्तर लगेच मिळेल : तेहतीस बाय तेहतीस. म्हणजे ३३ फूट बाजूचा चौरस, १,०८९ चौरस फूट.

आता रस्त्याकडेला एकाला एक लागून भाताचे दोन तुकडे आहेत असं धरा. दोन्ही अगदी चौरस, एक २ गुंठ्यांचा, दुसरा ८ गुंठ्यांचा. फक्त रस्त्याच्या अंगाला तार ओढायची आहे. किती फूट लागेल?

पुष्कळ मुलं २ आणि ८ मिळवून १० करतात आणि त्याचं वर्गमूळ काढतात. ३३√१० म्हणजे सुमारे १०४ फूट. तेवढीच तार आणली, तर जवळजवळ ३६ फूट रस्ता उघडा राहील. मुलांनी मिळवल्या जमिनी, मिळवायच्या होत्या बाजू. वर्गमूळ ही चौरसाची बाजू आहे, एवढं डोळ्यांसमोर ठेवलं तर √२ + √८ = √१० असं लिहायला हात धजणार नाही.

√२, √१० अशा पूर्ण न सुटणाऱ्या वर्गमुळाला गणितात 'करणी' म्हणतात, आणि हा शब्दच ते सांगतो. शुल्बसूत्रांत, म्हणजे यज्ञवेदी दोरीनं मापून आखण्याच्या प्राचीन ग्रंथांत, करणी म्हणजे चौरस 'करणारी' बाजू किंवा दोरी. आपल्याकडे शेजारच्या कन्नड वर्गातही करणीच म्हणतात, याचं मला फार अप्रूप वाटतं.

मग बेरीज कशी करायची? ८ गुंठ्यांच्या चौरसात २ गुंठ्यांचे चार चौरस बसतात, दोन आडवे, दोन उभे. म्हणून मोठी बाजू धाकटीच्या दुप्पट : √८ = √(४ × २) = २√२. आता दोन्ही करणी सजातीय झाल्या, म्हणजे दोन्हींत मूळ √२ हेच. √२ + २√२ = ३√२. तार लागेल ३३ × ३√२, म्हणजे १४० फूट.

भास्कराचार्यांनी १२व्या शतकात 'बीजगणित' ग्रंथात उदाहरणाला नेमके २ आणि ८ हेच आकडे घेतले आहेत. त्यांची रीत वेगळी. दोन्ही संख्यांची बेरीज १०, ही 'महती'. गुणाकार १६, त्याचं मूळ ४, त्याची दुप्पट ८, हा 'लघु'. दोन्ही मिळवून १८, म्हणून उत्तर √१८. तेच आपलं ३√२. वजा केले तर २ उरतात, म्हणजे √८ − √२ = √२.

हा 'लघु' येतो कुठून, ते कागदावर जरूर काढून बघा. १४० फुटांच्या त्या पूर्ण लांबीवर चौरस उभा करा. एका कोपऱ्यात २ गुंठे, समोरच्या कोपऱ्यात ८ गुंठे, आणि उरलेल्या दोन कोपऱ्यांत दोन आयत, प्रत्येकी ४ गुंठ्यांचे. हे दोन आयत म्हणजेच तो ८. मला सूत्र खरं कळलं ते ही आकृती काढल्यावर.

भास्कराचार्यांचं पुढचं उदाहरण ३ आणि २७ यांचं. √२७ = ३√३, बेरीज ४√३. पण त्यानंतर ते ३ आणि ७ देतात. गुणाकार २१, त्याला पूर्ण मूळ नाही. अशा वेळी करणी वेगवेगळ्याच ठेवाव्यात, असं ते सांगतात. √३ + √७ हेच तिथं पूर्ण उत्तर.