विश्वासदर्शक वाक्प्रचार

विश्वासदर्शक वाक्प्रचार : माणसावर विसंबणे, त्याला पारखणे, त्याने दगा देणे आणि एकदा पोळल्यावर सावध होणे, या व्यवहारासाठी भाषेत रूढ झालेले शब्दप्रयोग. इंग्रजीतले असे प्रयोग मराठीत शब्दशः उचलले की हमखास घोटाळा होतो. कधी चित्रच अनोळखी असते. कधी चित्र ओळखीचे, पण अर्थ नेमका उलटा असतो. मीठ हे याचे सर्वांत ठळक उदाहरण.

ऐकलेली गोष्ट सोळा आणे खरी धरू नका, हे सांगायला इंग्रज ती ‘चिमूटभर मिठाबरोबर घ्या’ असे म्हणतो. हे मीठ रोमन काळातले आहे. थोरल्या प्लिनीने इ. स. 77 च्या सुमारास लिहिलेल्या आपल्या निसर्गविषयक ग्रंथात पाँटसचा राजा मिथ्रिडेटीस याच्या विषावरच्या उताऱ्याची कृती दिली आहे : दोन सुके अक्रोड, दोन अंजिरे आणि सतापाची वीस पाने मिठाचा एक कण घालून एकत्र कुटावीत, उपाशीपोटी घेतल्यास त्या दिवशी विष बाधत नाही. तोच मिठाचा कण 17 व्या शतकापासून इंग्रजीत संशयाच्या अर्थाने वावरतो आहे. फ्रेंच माणूस अशी बातमी मिठाबरोबर घेत नाही, चिमट्याने उचलतो.

मराठीत मीठ ऐकणारा घालत नाही, सांगणारा घालतो. तिखटमीठ लावून सांगितलेली गोष्ट आधीच खारट झालेली असते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे मीठ ही आपल्याकडे इमानाची खूण आहे. खाल्ल्या मिठाला जागणारा माणूस म्हणजे विश्वासाचा माणूस. त्यामुळे वर्तमानपत्रांतून अधूनमधून दिसणारे ‘हा दावा चिमूटभर मिठासह घ्यावा’ हे भाषांतर कानाला खटकते आणि ते खटकायलाच हवे. ‘यातले चार आणे खरे धरावे’ हे साधे मराठी वाक्य तेच काम चोख करते.

मिठाचा हा दुसरा, इमानाचा अर्थ युरोपातही जुना आहे. एकत्र मीठ खाल्ल्याशिवाय माणसे एकमेकांना ओळखू शकत नाहीत, ही म्हण अ‍ॅरिस्टॉटलने इ. स. पू. चौथ्या शतकात नोंदवली. मैत्रीवरच्या आपल्या ग्रंथात (इ. स. पू. 44) सिसेरोही तिचा दाखला देतो. रशियन भाषेने तर माप ठरवून टाकले : माणूस ओळखायचा तर त्याच्याबरोबर एक पूड मीठ खावे. पूड म्हणजे सुमारे 16.4 किलो. दोघांनी रोज प्रत्येकी पाच ग्रॅम मीठ खाल्ले, तर ते संपायला साडेचार वर्षे लागतात. एवढा काळ एका पंक्तीला बसल्यावर माणूस कळतो, हा हिशेब कुणालाही पटावा.

विश्वासू माणसाची कसोटी कशी लावावी, यात भाषाभाषांचे स्वभाव दिसतात. जर्मन म्हणतो, ‘याच्याबरोबर घोडे चोरायला जाता येईल’. रशियन म्हणतो, ‘याच्याबरोबर शत्रूच्या मुलखात टेहळणीला जाईन’. इंग्रजीत अविश्वास अंतराने मोजतात : ‘मी त्याला उचलून जितका लांब फेकू शकेन, तितकाच माझा त्याच्यावर विश्वास’. धडधाकट माणूस कुणाला किती लांब फेकणार! मराठीची कसोटी निजेची आहे. ज्याच्या मांडीवर मान ठेवून निर्धास्त झोपता येते, तो आपला. म्हणून दग्याचा शब्दही गळ्याशीच येतो : केसाने गळा कापणे. सुरी दिसते तरी, केस दिसतही नाही.

दुसऱ्याबद्दल खात्री देताना जर्मन, फ्रेंच, इटालियन आणि स्पॅनिश माणूस ‘त्याच्यासाठी विस्तवात हात घालीन’ असे म्हणतो. मध्ययुगीन युरोपात विस्तवाने किंवा तापल्या लोखंडाने खरे-खोटे ठरवीत. 1215 च्या लॅटरन धर्मपरिषदेने पाद्र्यांना त्यात भाग घेण्यास मनाई केली. महाराष्ट्रातही दिव्ये होती. रवादिव्यात उकळत्या तेलातुपातून धातूचा तुकडा हाताने काढावा लागे. मग हातावर पिशवी बांधून मोहोर करीत आणि काही दिवसांनी हात तपासत. मात्र आपले दिव्य ज्याचे त्याने स्वतःच्या खरेपणासाठी करायचे. दुसऱ्यासाठी मराठी माणूस छातीठोकपणे सांगतो, फार तर जामीन राहतो.

घरभेद्याला इंग्रजीत ‘उराशी जपलेला विषारी साप’ म्हणतात. त्यामागे इसापची गोष्ट आहे : शेतकरी थंडीने गारठलेल्या सापाला छातीशी धरतो आणि ऊब मिळताच तो डसतो. फार्सीत आणि हिंदी-उर्दूत हा साप बाहीत शिरला, ‘आस्तीन’मध्ये. मराठीने फार्सीकडून बाही घेतली, तिची अस्तनी केली आणि आत सापाच्या जागी निखाराही ठेवला. अस्तनीतला निखारा हे चित्र मला सापाहून अचूक वाटते. साप डसून निघून जाईल, निखारा मात्र अंगावरच्या कपड्याला आतून जाळत जातो.

‘विश्वास ठेवा, पण पडताळून पाहा’ हे अमेरिकी राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांच्या तोंडी गाजलेले वाक्य मुळात रशियन म्हण आहे : ‘दवेर्याय, नो प्रवेर्याय’. रशियनमध्ये तिला यमक आहे. इंग्रजीत ते गळाले. 8 डिसेंबर 1987 रोजी वॉशिंग्टनमध्ये क्षेपणास्त्र कराराच्या स्वाक्षरीवेळी रेगन यांनी ती म्हटली, तेव्हा ‘तुम्ही प्रत्येक भेटीत हेच म्हणता’ असे सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह म्हणाले आणि सभागृहात हशा पिकला.

काही प्रयोग दुसऱ्या भाषेत जाऊच शकत नाहीत. ‘माझ्यावर विश्वास नाही का?’ या प्रश्नाला मराठीत ‘विश्वास गेला पानिपतात’ असे उत्तर येते. नानासाहेब पेशव्यांचे थोरले चिरंजीव विश्वासराव 14 जानेवारी 1761 रोजी पानिपतावर पडले. एका तरुणाच्या नावावरचा श्लेष अडीचशेहून अधिक वर्षे रोजच्या बोलण्यात टिकला. त्यात विनोद आहे, तसा न बुजलेला घावही आहे.

पोळल्यानंतरची सावधगिरी मात्र सगळीकडे जवळजवळ एकाच चुलीवर शिजलेली दिसते. दुधाने तोंड पोळलेला मराठी माणूस ताक फुंकून पितो, तुर्की माणूस दही फुंकून खातो, रशियन पाण्यावर फुंकर घालतो. फ्रेंचांचे पोळलेले मांजर थंड पाण्याला भिते. इंग्रजीत पोळण्याबरोबर चावणेही आहे : ‘एकदा चावा, दुसऱ्यांदा बुजणे’. चिनी म्हणीतल्या माणसाला साप चावलेला असतो आणि तो पुढे दहा वर्षे विहिरीच्या दोराला भितो. दोर आणि साप ही जोडी आपल्या वेदान्तातही आहे. तिथे अंधारात दोर ओळखू न आल्यामुळे माणूस घाबरतो. चिनी म्हणीतल्या माणसाच्या हातात तो दोर रोज पाणी शेंदताना येतो, आणि तरीही तो दचकतो.