घाटातला पाऊस आणि त्याच्या नोंदी: पार्श्वभूमी

पश्चिम घाटातला एखादा सडा (माथ्यावरचं खडकाळ पठार) किंवा देवराई राखायची तर पहिला प्रश्न पावसाचा येतो. त्याचं उत्तर ज्या नोंदींत शोधायचं, त्या मात्र जंगलासाठी घेतलेल्याच नाहीत. 1864 चं कोलकात्याचं चक्रीवादळ आणि 1866 चा ओडिशातला दुष्काळ यांनंतर, 1875 मध्ये भारतीय हवामान विभाग स्थापन झाला. तालुक्याच्या कचेरीत पर्जन्यमापक बसले ते शेती, शेतसारा आणि दुष्काळाच्या हिशेबासाठी. साहजिकच कचेरी असेल तिथे नोंद झाली, माथ्यावरचं रान बहुतेक कोरं राहिलं.

घाटात हे महागात पडतं. महाबळेश्वरला वर्षाकाठी सरासरी साडेपाच हजार मिमी किंवा त्याहून जास्त पाऊस होतो. सरळ रेषेत पंचवीसेक किलोमीटरवरच्या वाईत तो हजार मिमीही नसतो. हवामान विभागाची 1901 पासूनची दैनंदिन पर्जन्यमाहिती अक्षांश-रेखांशाच्या पाव अंशाच्या चौकटींत मिळते, आणि एक चौकट जवळपास या अंतराएवढीच रुंद असते. संवर्धनाचा आराखडा तेवढ्यावर करणं मला धोक्याचं वाटतं. पाऊस मोजणाऱ्या मूळ केंद्राच्या नोंदवहीपर्यंत जायलाच हवं.

तिथे खरी पडताळणी सुरू होते. जुने आकडे इंचांत, नंतरचे मिलिमीटरमध्ये. सकाळी साडेआठला मोजलेला मागच्या 24 तासांचा पाऊस त्याच सकाळच्या तारखेला लिहायचा असतो. तो आदल्या तारखेला लिहिला गेला की सगळी मालिका एका दिवसाने सरकते. शेजारच्या केंद्राशी ताडून पाहणं ही नेहमीची कसोटी. पण घाटात खरी अतिवृष्टीसुद्धा या कसोटीवर चूक ठरून वगळली जाऊ शकते.

सगळ्यांत घातक म्हणजे कोऱ्या रकान्यात भरलेलं शून्य. 2009 मध्ये विज्ञानाला ओळख झालेला आंबोलीचा टोड (बेडकाची एक जात) पावसाळ्याच्या सुरुवातीला सड्यावरच्या उथळ डबक्यांत अंडी घालतो. पावसात खंड पडला की डबकी आटतात, पिल्लं मरतात. मोजणाऱ्याच्या रजेच्या दिवसांत शून्य भरलं गेलं, तर न पडलेला खंड कागदावर उमटतो आणि विणीचा सगळा अंदाज चुकतो.

अलीकडे राज्यात महसूल मंडळांत स्वयंचलित केंद्रं उभी राहिली, तीही मुख्यतः शेतीसाठी. त्यांचे आकडे जुन्या मालिकेला जोडायचे तर दोन्ही उपकरणं काही पावसाळे एकाच आवारात चालवून फरक मोजावा लागतो.