चुंबळीच्या आत काय फिरतं?

खानापूरच्या स्टँडवर जांबोटीकडची एक मावशी रताळ्यांची बुट्टी खाली ठेवून बसली होती. बस येईना, म्हणून डोक्यावरची चुंबळ बोटांत फिरवत होती. चुंबळ म्हणा, कानडीत सिंबी म्हणा. जुन्या लुगड्याचं, मधे भोक असलेलं कडं. कधी ती जात्यासारखी अर्धा फेरा घ्यायची, कधी मनगटावरचं रबर लोळवावं तशी लोळायची : बाहेरची कड भोकात, भोकातली बाहेर.

यातलं फक्त वरचं कापड बघू. दोन्ही हालचालींत कापडावरचा एकही बिंदू जागेवर राहत नाही. कुठलीही हालचाल दोनदा केली की सगळं मूळ ठिकाणी. आधी फिरवा मग लोळवा, किंवा उलट करा, फरक पडत नाही. फिरवणं, लोळवणं, दोन्ही एकदम करणं आणि काहीच न करणं, असा हा चार हालचालींचा सान्त गट, म्हणजे एकीमागून एक कशाही केल्या तरी याच मोजक्या हालचालींत राहणारा संच.

आता हीच हालचाल आतल्या भरावालाही लावायची. जात्याचा फेरा आतही सहज जातो. लोळवताना मात्र अडतं. चुंबळीच्या मधोमध गोल धावणारा गाभा जागचा हलतच नाही. वर एकही बिंदू अडकला नव्हता, आत अख्खं वर्तुळ अडकलं.

मग भरावच बदलला तर? गणितात ती मुभा असते. सीमेवर हेच कापड असलं म्हणजे झालं, आत वाटेल तेवढं गुंतागुंतीचं त्रिमितीय अवकाश, म्हणजे मॅनिफोल्ड, चालतं. तरीही या चार हालचाली एकही बिंदू न अडकवता आत नेता येत नाहीत. कुठल्याच भरावात नाही. ही अडचण मोजणारी गोष्ट गटातच दडलेली असते; इसाई शूर यांनी 1904 मध्ये ती भलत्याच कामासाठी शोधली होती, म्हणून तिला शूर गुणक म्हणतात. एकच हालचाल पुन्हा पुन्हा करून बनणाऱ्या चक्रीय गटांचा गुणक शून्य, त्यांना हा त्रास नाही. आपल्या चौघांचा शून्य नाही.

ठीक आहे, आत काही बिंदू अडकले तरी चालतील असं म्हणू. मग तरी कितीही भोकांच्या कापडावरचा, तिथे एकही बिंदू न अडकवणारा प्रत्येक गट आत जाईल ना? आबेलीय गट (ज्यात हालचालींचा क्रम बदलला तरी फरक पडत नाही), सममित गट (काही वस्तूंच्या सगळ्या अदलाबदलींचा), अशा ओळखीच्या कुळांत उत्तर ‘हो’ आलं. मलाही वाटलं असतं की सगळीकडे हेच चालेल. पण एरिक सॅम्पर्टन यांनी 2022 मध्ये न जाणारी उदाहरणं दाखवली.

त्यामागचा विचार चुंबळीवरच उभा आहे. एकमेकींच्या आड न येणाऱ्या दोन हालचाली घेतल्या की एक चुंबळ मिळते, आणि गाभा अडकू दिला की ती नेहमी भरता येते. म्हणजे शूर गुणकातला चुंबळींमुळे आलेला सगळा भाग माफ. तो वजा करून जे उरतं तो बोगोमोलोव गुणक. बहुतेक छोट्या गटांत काहीच उरत नाही. उरतं असा सर्वांत लहान गट 64 हालचालींचा आहे. हाताने शोधायला बसणाऱ्याचं अवघडच होतं!

भराव आधीच ठरवून दिला की हिशेब आणखी कडक होतो. g भोकांच्या पृष्ठभागावर (g किमान 2, आरशातली उलटापालट न धरता) जास्तीत जास्त 84(g−1) हालचालींचा गट बसतो, हे हुर्विट्झ यांनी 1893 मध्ये दाखवलं. तीन भोकांना 168; फेलिक्स क्लाइन यांचा प्रसिद्ध पृष्ठभाग ही मर्यादा गाठतो. पण तीन भोकांच्या चुंबळीत साधा, भरीव कापूस ठासला तर मर्यादा 12(g−1), म्हणजे 24 वर येते. बाहेरचं सगळं अवकाशही सोबत फिरलं पाहिजे, आणि ते अवकाश म्हणजे त्रिमितीय गोल (चार मितींतल्या चेंडूचा पृष्ठभाग), अशी अट घातली तर 12(g−1) गाठणाऱ्या भोकांच्या संख्या फक्त तेरा : 2, 3, 4, 5, 6, 9, 11, 17, 25, मग एकदम 97, 121, 241 आणि 601. शेवटच्या संख्येला 7200 हालचाली येतात, आणि चार मितींतल्या 120 कोठड्यांच्या घनाकृतीची फिरणीही बरोबर तेवढीच आहेत.